द्वारकेची चूल

१९६७ साल. त्या वर्षाच्या अखेरीला कोयनेचा भूकंप झाला आणि आमच्या भागातली माणसं ते साल भूकंपाचं म्हणूनच ओळखू लागली. आमचं घर मात्र त्याच्या कितीतरी आधी, चैत्रातल्या काळ्या अष्टमीला, हलून पुन्हा जागेवर बसलं होतं.

अष्टमीच्या आदल्या दिवशी दुपारी आमचे थोरले चुलते, आबा, माळेवाडीहून हिवऱ्याला आमच्या दोन खोल्यांवर आले. डोक्याचा पटका काढून मांडीवर ठेवला, पाणी प्यायले आणि खाटेवर बसूनच त्यांनी सांगून टाकलं.

"द्वारके, उद्या कडजाईची जत्रा. तुमच्या चुलीचं तेल मी घालतो, दरसाल घालतो तसंच. पण ह्या खेपेला भावकीसमोर सांगणार हाय, आता दोन चुली न्हाईत, एकच."

आई आतल्या दाराशी पदर सावरून उभी होती. "एकच म्हणजे कसं, भाऊजी?"

"म्हणजे माळेवाडीला यायचं. जत्रा झाली की गाडी पाठवतो. वच्छी सहावी झाली, बास झालं. मुरली माझ्याजवळ राहील, बैलांमागं फिरंल, रान शिकंल. तुला काय कमी पडणार हाय तिथं?"

मी वच्छी. तेव्हा बारा वर्षांची होते. मुरली सहाचा. त्याला आबांचे बैल फार आवडायचे, त्यामुळं तो एकदम म्हणाला, "मी गाडी हाकणार?"

"तर! तूच हाकायची," आबा म्हणाले.

अण्णा, म्हणजे आमचे वडील, दिवाळीत काविळीनं गेले होते. हिवऱ्याच्या शाळेत मास्तर होते. ते गेल्यावर आईला तिथल्याच बालवाडीत काम मिळालं. तेवढ्यावर आमचं चाललं होतं, आणि ते चालतंय हेच भावकीला खुपत होतं.

कडजाईची रीत सांगायला हवी. धुमाळांच्या भावकीत जितक्या चुली, तितक्यांचं तेल जत्रेला देवीच्या समईत पडायचं. दुपारच्या नैवेद्याआधी गुरव एकेका चुलीचं नाव पुकारायचा. "अमक्याची चूल?" त्या घरच्या माणसानं पुढं होऊन म्हणायचं, "पेटती!" आणि तेल घालायचं. तीनदा पुकारूनही कुणी आलं नाही, तर ती चूल थोरल्या भावाच्या चुलीत गेली असं धरायचं. मग त्या घराचं रान, पोरं, लग्नं, सगळं थोरला बघणार. आमच्या खोल्यांचा मालकही भावकीतलाच होता. चूल गेली म्हटल्यावर त्यानं आम्हांला एक दिवस जास्त ठेवून घेतलं नसतं.

"आमच्या चुलीचं तेल मी घेऊन येईन," आई म्हणाली.

आबांना हसू आलं. वाईट हसू नव्हतं ते. लहान पोर काहीतरी बोललं की माणसं हसतात तसं.

"कशी येशील? तेल दुसऱ्याच्या गाडीतनं येत न्हाई, हे तरी ठाऊक हाय का? आपल्या पायानं न्हाईतर आपल्या वाहनानं. जमिनीला टेकवायचं न्हाई. तिथं एसटी जात न्हाई. पोरांना घेऊन चालत जाणार? पंधरा मैल?"

"बघते मी."

"सदानं कधी एकदा तरी आणलं का तेल? दहा वर्षं त्याच्या नावानं मीच 'पेटती' म्हणतोय. तवा कुठं होती तुमची चूल?"

सदा म्हणजे अण्णा, आणि आबा म्हणत होते ते खरंच होतं.

आबा उठले. जाताना त्यांचं लक्ष भिंतीला टेकवलेल्या अण्णांच्या सायकलकडं गेलं. "ही तेवढी विकून टाक. गंजून जाईल."

"नाही गंजायची," आई म्हणाली. "तिला तेल घालते मी."

अण्णांचा देवावर राग नव्हता, पण ओढही नव्हती. "माझ्या तेलाशिवाय कडजाईला अंधार पडत नाही," असं ते म्हणायचे. जत्रेच्या दिवशी शाळेला सुटी असायची, म्हणून भावकी डोंगर चढत असताना ते आम्हांला सायकलवर घालून दुसरीकडंच न्यायचे. पुढच्या दांडीवर पोत्याची घडी बांधून मी, पुढं मुरली झाल्यावर मुरली आणि मी दोघंही. मागं कॅरिअरवर आई, तिच्या मांडीवर भाकरीचं फडकं. कधी नदीच्या डोहावर, कधी एखाद्या पडक्या किल्ल्याच्या पायथ्याशी. सायकल झाडाला टेकवायची आणि पुढं पायी, आम्हां पोरांना अण्णा आळीपाळीनं पाठीवर घ्यायचे. वाटेत अण्णा प्रत्येक झाडाचं नाव विचारायचे. चुकलं की तो टप्पा पाठीवर न घेता चालायला लावायचे. मी मुद्दाम चुकायचे नाही, मुरली मुद्दाम चुकायचा, कारण त्याला चालायचंच असायचं. एकदा असंच, जत्रा नसताना, त्यांनी आम्हांला कडजाईच्या डोंगराच्या मागच्या अंगाला नेलं होतं. तिथं कड्यात जुन्या माणसांनी खोदलेल्या खोबणी होत्या. एकेका खोबणीत पाय रोवून आम्ही वर गेलो, देवळामागच्या उंबराखाली भाकरी खाल्ली आणि देवळात न जाताच उतरलो.

अण्णा गेल्यावर सायकल भिंतीला टेकली ती टेकलीच. मग संक्रांतीनंतर एके सकाळी आई म्हणाली, "वच्छे, तुला येते ना ग?"

मला यायची, पण अर्धीच. दांडीखालून पाय घालून, कंबर वाकडी करून. "मला शिकव," ती म्हणाली.

हिवऱ्यात आल्यापासून मास्तरणीला शोभेल असं ती गोल पातळ नेसायची. त्यात पाय टाकून दांडीच्या सायकलवर बसणं शक्यच नव्हतं. तिनं पेटीतलं जुनं नऊवारी काढलं, कासोटा घट्ट खोचला. गल्लीतल्या बायकांना वाटलं, नवरा गेल्यावर द्वारकेला आपली रीत आठवली. त्या कौतुकानं बघायला लागल्या. आठच दिवसांत शाळेच्या मैदानावर त्याच कासोट्यावर ती दांडीवरून पाय टाकताना दिसली, तेव्हा त्यांचं कौतुक एका सकाळीत आटलं.

मी कॅरिअर धरून मागं पळायचे. "पुढं बघ आई! चाकाकडं नको, पुढं!"

"पुढं शाळेची भिंत आहे ग!"

"मग वळ!"

"वळायचं अजून शिकवलं नाहीस तू!"

होळीपर्यंत ती वळायला शिकली, मुरलीला पुढं आणि मला मागं घेऊन चालवायलाही शिकली. एकच अडचण राहिली. आम्ही दोघं बसल्यावर तिला पाय टाकून चढता यायचं नाही. एखादा धोंडा किंवा पार लागायचा, त्यावर एक पाय ठेवून ती सायकल सुरू करायची. त्यामुळं उतरायचं झालं तरी आधी धोंडा बघायचा आणि मग उतरायचं.

आबा गेल्यावर त्या संध्याकाळी आईनं सायकल दारात उलटी उभी केली. अण्णा म्हणायचे, तेल पाजलं की सायकल पाण्यासारखी जाते. तिनं वाटीत करडईचं तेल घेतलं, चिंधी घेतली. साखळीला लावलं, पायडलला लावलं, आसांना लावलं.

"चाकाला पण लाव," मुरली म्हणाला. "चाकच तर फिरतं."

आईला ते पटलं. तिनं दोन्ही चाकांच्या लोखंडी कडांना चिंधीनं तेल चोळून चांगली चकाकी आणली. मग कुंकवाचं बोट लावलं. वाहन देवीला निघायचं होतं.

दुसऱ्या दिवशी उजाडता उजाडता आम्ही निघालो. देवीचं तेल चिनी मातीच्या लहान बरणीत होतं. बरणी फुटू नये म्हणून आईनं अण्णांचं एक धुतलेलं धोतर तिच्याभोवती गुंडाळलं होतं. ते गाठोडं माझ्या मांडीवर. "काही झालं तरी हे खाली टेकवायचं नाही," तिनं मला बजावलं. "तू पडलीस तर पड, हे पडता कामा नये."

"आणि मी पडलो तर?" मुरलीनं विचारलं.

"तुला उचलता येतं. याला उचललं तरी उपयोग नाही."

सकाळचा गार वारा होता, रस्ता सपाट होता. आई पायडल मारताना मला तिच्या पाठीचे मणके हलताना दिसायचे. वाटेत जत्रेच्या गाड्या भेटत होत्या. माणसं वळून वळून बघत होती. एका बैलगाडीतला मिशाळ गाडीवान आम्हांला बराच वेळ न्याहाळत होता. शेवटी त्यानं ओरडून विचारलंच.

"ओ बाई! पुढं पोरगं, मागं पोरगी. मालक कुठं ठेवला?"

"पुढं गेलेत," आई पायडल मारतच म्हणाली.

"लांब?"

"लांबच."

"मग गाठ पडंल का न्हाई?"

"पडेल की. मला घाई नाही."

गाडीतल्या बायका हसल्या. एका म्हातारीच्या तेवढं ध्यानात आलं. तिनं गाडीवानाच्या पाठीत एक चापट मारली. मी आईच्या पाठीला गाल टेकवला. तिचं लुगडं घामानं ओलं झालं होतं.

खिंडीचा चढ आम्ही चालत चढलो. मी गाठोडं डोक्यावर घेतलं, आई सायकल रेटत होती, मुरली मागून ढकलतोय असं दाखवत सायकलला लोंबकळत होता. खिंडीच्या तोंडाशी उभं राहिलं की समोर कडजाईचा डोंगर दिसतो. काळा कडा, त्यावर पांढरं ठिपक्याएवढं देऊळ. खाली धुरळ्यात गाड्यांची रांग.

"चला," आई म्हणाली. तिनं धोंडा शोधला, आम्ही बसलो, तिनं पाय टाकला.

शाळेचं मैदान सपाट होतं. उतार आईनं त्या दिवशी पहिल्यांदाच पाहिला.

आधी बरं वाटलं. मग झाडं पटापट मागं जायला लागली.

"आई, ब्रेक दाब!"

"दाबलाय!"

"जोरात दाब!"

"जोरातच दाबलाय ग! धरतच नाही!"

"आणखी जोरात!" मुरली ओरडला, पण तो ब्रेकचं म्हणत नव्हता. त्याला मजा येत होती.

पुढं वळण होतं, वळणावर एक गाडी. आईनं हँडल फिरवलं आणि आम्ही रस्ता सोडून नांगरलेल्या रानात शिरलो. ढेकळांवर चार उड्या बसल्या आणि सायकल आडवी झाली. मी दोन्ही हातांनी गाठोडं वर धरलं होतं, त्यामुळं मला सावरता आलं नाही. गुडघे फुटले. आणि पडता पडता बरणी सायकलच्या मडगार्डवर आपटली. आत खळ्‌कन वाजलेलं मला ऐकू आलं. माझ्या हातांवरून कोमट तेल ओघळायला लागलं.

"टेकवू नकोस!" आई ओरडली. ती ढेकळात बसली होती. उठायला गेली आणि पुन्हा बसली. तिचा उजवा पाय घोट्यात मुरगळला होता.

मी गाठोडं छातीशी धरून तिच्याकडं गेले. तिनं ते माझ्या मांडीवरच उघडलं. बरणीच्या तीन खापऱ्या झाल्या होत्या. तेल सगळं धोतरानं पिऊन टाकलं होतं. तिनं खापऱ्या बाजूला काढल्या, घडी घडी चाचपून बघितली.

मुरली चाकाच्या कडेवर बोट फिरवत होता. "आई, हे बघ. ब्रेकचं रबर घसरतंय. मीच सांगितलं होतं ना, चाकाला पण लाव म्हणून?"

आईनं त्याच्याकडं बघितलं. त्याच्या चकाकणाऱ्या बोटाकडं बघितलं. मग ती हसायला लागली. तशीच, ढेकळात बसून, पाय धरून. मला रडू येत होतं आणि ती हसत होती.

"तेल गेलं, आई."

"कुठं गेलं? हे काय. जमिनीला लागलं का?"

"नाही."

"मग आहे." तिनं सूर्याकडं बघितलं. "वच्छे, अण्णांनी दाखवलेली ती खोबणींची वाट आठवते का तुला?"

"आठवते. पण तू?"

"मी पायऱ्यांच्या वाटेनं येते. मला गाडीत बसायला कुणाची बंदी नाही, बंदी तेलाला आहे. तुम्ही दोघं पुढं व्हा. मुरलीला पुढं घालायचं, तू मागं. एक पाय रोवल्याशिवाय दुसरा उचलायचा नाही."

"आणि नाव पुकारलं तर?"

"तर म्हणायचं पेटती."

"मी?"

"तू त्या चुलीवर भाकरी करतेस का नाही?"

आम्ही निघालो. मागं वळून बघितलं तेव्हा आई त्याच मिशाळ गाडीवानाला हात करत होती.

खोबणींच्या वाटेशी आलो तेव्हा ऊन तापलं होतं. चपला खाली ठेवल्या. पहिल्या दोन खोबणी चढले आणि कळलं की एका हातानं हे जमणार नाही. दोन्ही हात कड्याला पाहिजेत. गाठोडं ठेवणार कुठं? दातात धरून बघितलं, वजनानं मान खाली जायला लागली.

"माझ्या डोक्यावर दे," मुरली म्हणाला. "आबांसारखा पटका."

दुसरं काही सुचत नव्हतं. मी ते धोतर पिळा घालून त्याच्या डोक्याला गुंडाळलं, टोक हनुवटीखालून घेऊन गाठ मारली. तेलाचा ओघळ त्याच्या कपाळावरून नाकाच्या शेंड्यापर्यंत आला. त्यानं जिभेनं चाटून बघितला.

"चाटू नकोस, देवीचं आहे."

"थोडंच चाटलं."

तो पुढं, मी मागं. त्याच्या पायाची टाच माझ्या डोळ्यांसमोर. मी त्याला खोबणी सांगत होते. "डावा वर. आणखी वर. आता बोटं घाल आत." एका ठिकाणी त्याचा पाय पोचेना. मी माझा खांदा खाली दिला, तो त्यावर उभा राहिला. त्याच्या डोक्यावरचं तेल माझ्या मानेवर ठिबकत होतं. खाली बघायचं नाही असं अण्णांनी शिकवलं होतं. मी बघितलं नाही, पण खाली किती आहे ते मला ठाऊक होतं.

उंबराखालून देवळाच्या मागच्या बाजूला आलो तेव्हा पुढं पुकारा चालू होता. गर्दीतून घुसून आम्ही सभामंडपाच्या खांबाशी पोचलो. केरबा गुरव समईजवळ उभा होता. भावकीतली माणसं गोल करून बसली होती, बायका बाहेरच्या पायऱ्यांवर. आबा पुढंच बसले होते, शेजारी त्यांचा तेलाचा गडू.

"सदाशिव धुमाळाची चूल?" गुरवानं पुकारलं.

आबा उठले. "केरबा, ह्या चुलीचं मला सांगायचं हाय..."

"पेटती!" मी ओरडले.

माझा आवाज इतका मोठा आला की मलाच दचकायला झालं. सगळ्यांनी वळून बघितलं. आम्ही दोघं दिसलो असू कसे, देव जाणे. माझे गुडघे रक्तानं माखलेले, आणि मुरलीच्या डोक्यावर तेलानं निथळणारा, त्याच्या खांद्यांपेक्षा मोठा पांढरा पटका. पायऱ्यांवरची एक म्हातारी हळूच म्हणाली, "बापाचं धोतर हाय ग ते."

"तुम्ही हितं कसं?" आबांनी विचारलं. "आई कुठाय?"

"येतेय."

"तेल कुठाय?" गुरवानं विचारलं.

मी मुरलीच्या डोक्याकडं बोट केलं. काही माणसं हसली.

"चिंधीला तेल म्हणत न्हाईत, पोरी," आबा म्हणाले. मग त्यांचा आवाज मऊ झाला. "बस जरा. पाणी पी. गुडघे बघ कसे फोडून घेतलेस. म्हणूनच म्हणतो मी, हे बाईमाणसाचं काम न्हाई."

"हे तेल वाहनावरून आलंय, भाऊजी, आणि पायांनी वर आलंय. जमिनीला लागलेलं नाही."

आई पायऱ्यांवर उभी होती. गाडीवानाची काठी तिच्या हातात होती. डोक्यावरचा पदर खांद्यावर पडला होता आणि तो सावरायला हात मोकळा नव्हता, की तिला सावरायचा नव्हता, मला सांगता येणार नाही. ती एकेक पाय टाकत मंडपात आली. बायका मंडपात येत नसत. तिला कुणी अडवलं नाही, कारण अडवायचं कुणाच्या ध्यानातच आलं नाही.

तिनं मुरलीच्या हनुवटीखालची गाठ सोडली. धोतराचा पीळ दोन्ही हातांत धरला आणि समईवर नेऊन पिळला. आधी काहीच पडलं नाही. मग थेंब, मग बारीक धार. समईतल्या वातीपर्यंत तेल चढलं. पिळताना तिच्या मनगटाच्या शिरा वर आल्या होत्या.

गुरव चांगला माणूस होता. त्याला भांडण नको होतं. तो म्हणाला, "तेल पडलं. आता सदाशिव तर राहिला न्हाई. पोराच्या नावानं पुकारतो. मुरलीधर धुमाळाची चूल."

माणसं माना हलवायला लागली. तोडगा सगळ्यांना आवडला. आबांनाही. "हां, तसंच म्हण," ते म्हणाले. "मुरलीच्या नावानं. तो जाणता होईस्तोवर मी हायच वर."

मला वाटलं, जिंकलो आपण. मी आईकडं बघितलं. ती मान हलवत होती, पण नाही म्हणून.

"मुरली सहा वर्षांचा आहे, केरबा," ती म्हणाली. "त्याला काडी ओढता येत नाही. त्याच्या नावानं चूल लावली की उद्या त्याचा हात धरणारा चुलीचा धनी होणार. चूल मी पेटवते. माझ्या नावानं पुकारा."

"बाईच्या नावाची चूल मी कधी पुकारली न्हाई."

"मग आज पुकारा."

"रीत न्हाई, द्वारके!" आबांचा आवाज चढला.

"रीत काय आहे, भाऊजी? चूल पेटती आहे का, एवढंच विचारते ना देवी? नवऱ्याचं नाव विचारते का? सकाळी मी चूल पेटवली, पोरांना भाकरी घातली, निखारे राखेत झाकून आले. ज्याला खोटं वाटतंय त्यानं हिवऱ्याला जावं आणि राखेत हात घालून बघावं."

दहा वर्षं आमच्या नावानं 'पेटती' म्हणणारे आबा तिच्याकडं बघत राहिले. मग ते खाली बसले आणि आपला गडू दोन्ही हातांत धरून त्यात बघत राहिले.

केरबानं घसा साफ केला. "द्वारका धुमाळाची..." तो अडखळला. मग मोठ्यानं म्हणाला, "द्वारकेची चूल?"

"पेटती," आई म्हणाली.

खाली उतरल्यावर आबांची गाडी आमच्याजवळ येऊन थांबली. "गाडीत बस," ते आईकडं न बघता म्हणाले. "पाय सुजलाय."

"आमचं वाहन आहे, भाऊजी."

सायकल गाडीवानानं गाडीत घालून पायथ्याशी आणून ठेवली होती. चाकांच्या कडांना आम्ही माती चोळून तेल काढलं. मग आई कॅरिअरवर, मुरली पुढच्या दांडीवर आणि मी हँडल धरून चालत, असे आम्ही परत निघालो. आबांची गाडी आमच्या मागून बैलांना आवरत हळूहळू येत राहिली. पुढं मात्र गेली नाही. माळेवाडीचा फाटा आला तेव्हा ती वळली.

"तुझा देवीवर विश्वास आहे, आई?" मी तेव्हा विचारलं.

"तुझ्या अण्णांएवढाच."

"मग एवढं कशाला केलं?"

"माझा नाही, पण त्यांचा आहे ना. मी शंभरदा म्हटलं असतं, माझं घर वेगळं आहे, तर कुणी ऐकलं नसतं. आता तेच म्हणतील, देवीसमोर ऐकलंय म्हणून. अण्णांना वाटायचं, नाही मानलं की संपलं." तिनं दुखरा पाय जरा सावरला. "त्यांना चालत होतं तसं. ते पुरुष होते."

तो रस्ता आम्ही दोन दिवसांत कापला. वाटेत एका मळ्यात राहिलो, विहिरीवर आंघोळी केल्या, मुरलीनं डोक्याचं तेल निघेना म्हणून चिखल फासून घेतला. हिवऱ्याला पोचलो तर खोल्यांच्या मालकानं विचारलं, "कधी निघताय?" आई म्हणाली, "सुटी आहे, परवा पुन्हा निघतोय. नदीवर. येता का?"

पुढचं थोडक्यात सांगते. केरबानं पुढच्या वर्षी न सांगताच आईचं नाव पुकारलं, आणि तो गेल्यावर त्याच्या मुलानंही. मुरली एसटीत ड्रायव्हर झाला. ब्रेक स्वतः तपासल्याशिवाय गाडी हलवायचा नाही म्हणून डेपोत त्याला सगळे वैतागायचे. आता निवृत्त होऊन नातवंडांना सायकल शिकवतो. मी शिक्षिका झाले. तीस वर्षं शाळेतल्या मुलींना घेऊन डोंगर चढले, आणि पालकांच्या तक्रारी घ्यायला दर वेळी मुख्याध्यापकांच्या खोलीत उभी राहिले. आईनं बालवाडीची नोकरी संपेपर्यंत सायकल सोडली नाही. दर सुटीला आम्हांला कुठं ना कुठं नेलं, पुढं नातवंडांना नेलं. एक्याऐंशीव्या वर्षी ती गेली, तेव्हा हिवऱ्यातल्या निम्म्या बायका सायकलवर कामाला जात होत्या. त्याचं तिला विशेष काही वाटायचं नाही. "रस्ता चांगला झालाय," एवढंच म्हणायची.

आबांचं त्यांच्या मुलांशी पटलं नाही. मुलांनी रान वाटून घेतलं आणि म्हाताऱ्याचे महिने ठरवले. एका श्रावणात ते पिशवी घेऊन आमच्या दारात उभे राहिले. आईनं विचारलं नाही, किती दिवस. ते शेवटची तीन वर्षं आमच्याकडंच होते. पहिल्या रात्री जेवायला वाढल्यावर आईनं विचारलं, "भाजीला मीठ बरं आहे ना?"

आबांनी भाकरीचा तुकडा मोडला. म्हणाले, "तुझ्या घरचं हाय. बरंच म्हणायला पाहिजे."

"नाही म्हटलंत तरी ताट उचलणार नाही मी," आई म्हणाली आणि तिनं त्यांना आणखी एक भाकरी वाढली.